गळक्या भांड्यांतली बाग

बाई, शेवंतीवरचा मावा गेला. तुम्ही सांगितलं होतं तसंच केलं. गिरणीतल्या तुसाची राख चाळून घेतली आणि सकाळी पानं दवानं ओली असतानाच भुरभुरली. काही दिवसांत शेंडे मोकळे झाले. हे तुम्हाला सांगायला म्हणून मी परवा मातीच्या हातांनी तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, आणि तिथंच थांबले. खाट उभी करून भिंतीला टेकवून ठेवलेली होती.

तुम्हाला जाऊन महिना होत आला. भेटायला येणाऱ्या बाया अजून येतात. ओसरीत बसतात, पाणी घेतात आणि एकच बोलतात, 'सुटली बिच्चारी.' ऐन तारुण्यात नवरा गेला, पोटी लेकरू नाही, दिराच्या घरी दिवस काढले, आता सुटली. मी मान हलवते. घरी आलेल्या माणसाशी वाद घालू नये, हे तुम्हीच मला शिकवलं. पण त्या गेल्या की मला राग येतो. मी तुमच्याजवळ इतकी वर्षं राहिले, त्यात तुम्हाला दिवस काढताना मी फार थोडं पाहिलं. बाकी सगळा वेळ तुम्ही कशात तरी गुंतलेल्या असायच्या.

खरं सांगायचं तर मीही इथं आले ती तुमची कीव घेऊनच आले होते. चिमूरहून निघताना माझ्या आईनं बजावून पाठवलं होतं, घरात थोरली जाऊ विधवा आहे, जपून राहा, तिच्यासमोर फार हसू नको, नटू नको. मूल गावी सासरी आल्यावर पहिल्याच सकाळी मी मागच्या सांदवाडीत गेले. घरामागचं ते कुडानं घेरलेलं अंगण मला आमच्या घरच्या सांदवाडीसारखंच असेल असं वाटलं होतं, चार वांगी, एक दोडक्याचा वेल. तुम्ही एका चिरलेल्या दगडी उखळापुढे उकिडव्या बसून काडीनं गोगलगाय उचलत होत्या. मागे वळून न पाहताच म्हणालात, "पाय पाहून टाक व, तिथी ओवा हाय."

नव्या नवरीशी बोललेलं ते तुमचं पहिलं वाक्य. मी पाय उचलून तशीच उभी राहिले. आजूबाजूला पाहिलं तर सगळीकडे भांडीच भांडी. फुटका रांजण, बुडाला भोक पडलेलं घंगाळ, कान तुटलेला पितळेचा गंज, तांब्याचा जुना बंब. आणि प्रत्येकात काही ना काही हिरवं.

त्या उखळाची गोष्ट तुम्हीच मला पुढे सांगितली. मूलला धानाच्या गिरण्या झाल्या आणि घरोघरचं कांडण थांबलं. उखळं, मुसळं, पायानं दाबायच्या ढेकी आधी अंगणाच्या कोपऱ्यात गेली आणि मग लोकांनी गल्लीत काढून टाकली. आपलं उखळ तळाशी चिरलेलं, म्हणून कुणी उचलूनही नेलं नाही. यांचे थोरले भाऊ, तुमचे मालक, तापानं गेले त्या वर्षी तुम्ही त्यात शेजारून आणलेली मोगऱ्याची काडी लावली. त्याच आठवड्यात तुमचे नागभीडचे भाऊ तुम्हाला न्यायला आले. ते रेल्वेत होते, राहायला क्वार्टर होतं, घरात तुमच्यापुरती जागा होती. ते म्हणाले, इथं आता कुणासाठी राहतेस. तुम्ही म्हणालात, "आताच काडी लावली हाय ना भाऊ. पाला फुटते का नाई पाहीन, मंग येईन."

भाऊ पुन्हा आले तेव्हा पाला फुटला होता. तुम्ही म्हणालात, कळी पाहून येईन. कळी आली तर म्हणालात, उन्हाळ्याचे दिवस, पाणी कोण घालेल. मग पावसाळ्यात म्हणालात, मुळाशी पाणी साचते, लक्ष ठेवावं लागते. भाऊ दर वर्षी येत राहिले आणि तुमच्याकडे दर वर्षी एक अडचण तयार असे. मी लग्न होऊन आले तोवर त्यांनी विचारणं सोडलं होतं. एके दिवशी ते आले ते हातात लाल बादली घेऊन. स्टेशनवर आग विझवायला वाळू भरून टांगतात ना, तसली. गंजून गळायला लागली म्हणून टाकाऊत काढलेली. ती त्यांनी मागून आणली होती. जरा ओशाळून म्हणाले, "तुले चालन का पाह्य."

तुम्ही बादली खाली ठेवली तर ती कलंडली. पुन्हा ठेवली, पुन्हा कलंडली. तिचं बूड गोल असतं हे तुम्हाला माहीत नव्हतं. भाऊ सांगू लागले की लोकांनी ती घरी नेऊन वापरू नये म्हणून तशी करतात. तुम्ही पदर तोंडाला लावून इतक्या हसलात, की मी ओसरीवरून पळत आले. आईनं सांगितलेलं, तिच्यासमोर फार हसू नको, ते मला आठवलं आणि मीही हसायला लागले. बादली मग मांडवाच्या आडव्या बांबूला तारेनं टांगली. त्यात तुम्ही चिनी गुलाब लावला आणि तो चारी बाजूंनी खाली उतरला.

गावात तुमचं हे वेड फक्त रहीमभाऊंना पूर्ण ठाऊक होतं. ते कल्हई करायचे, भांड्यांना जोड द्यायचे. एखादं भांडं दुरुस्तीच्या पलीकडे गेलं की मालकाला विचारून तुमच्यासाठी बाजूला ठेवायचे आणि कुडाबाहेरून आवाज द्यायचे, "बाई, एक मरीज आला हाय." तुम्ही आतून विचारायच्या, कुठं चिरलं आहे. रहीमभाऊ एकदा म्हणाले की माझ्याकडे एक बिनगळकी परात आहे, तिला भोक पाडून देतो. तुम्ही नाही म्हणालात. धड भांड्याला भोक पाडायचं नाही, हा तुमचा नियम होता. धड आहे ते कुणाच्या तरी चुलीवर जावं. चिरलेलं असेल तरच ते झाडाचं. "फुटक्या भांड्यात झाड सडत नाई," तुम्ही म्हणायच्या, "पानी निंगून जाते." यात तुम्ही दुसरं काही सुचवत होत्या असं मला वाटत नाही. तुम्ही झाडाबद्दलच बोलत होत्या.

आता जे लिहायचं आहे ते मी तुमच्यापाशी कधी बोलले नाही.

माझं पहिलं लेकरू बारशाच्या आधीच गेलं. मुलगा होता. सासूबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात बाईमाणूस तुम्ही एकट्या. मी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बाया यायच्या, म्हणायच्या, वय लहान आहे, होईल दुसरं. तुम्ही मात्र जेवण आणून ठेवलं, केस विंचरून दिले, पान्ह्यानं छाती दुखायची तेव्हा फडकं गरम करून शेकलं. आणि एके सकाळी कुजलेल्या पाल्याचं खत आणि चाळणी माझ्या खोलीच्या दारात आणून ठेवली. एवढं चाळून दे म्हणालात.

मी उठून बसले. इतक्या दिवसांत मी आवाज चढवला नव्हता. मी म्हणाले, "माहं लेकरू गेलं, अन् तुमी मले माती चाळाले सांगून राह्यल्या?"

तुम्ही म्हणालात, "चाळू नोको. माह्याजवळ येऊन बस. एकटीले उन्हात बसाले कंटाळा येते."

हे खोटं होतं. तुम्हाला एकटं बसायचा कंटाळा कधी आलाच नाही. पण मी येऊन बसले. तुम्ही चाळत होत्या, मी बघत होते. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझा हात आपणच त्या खतात गेला. ते आतून कोमट होतं. ढेकळं फोडताना बोटांत एक गांडूळ वळवळलं, मी दचकून ओरडले आणि मग हसले. हसले, आणि त्या हसण्याची मला इतकी लाज वाटली की मी तिथंच हुंदके देऊन रडायला लागले. तुम्ही चाळणी थांबवली नाही. फक्त म्हणालात, "दोनी होऊ दे."

त्यानंतर मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ चांगल्या गोष्टी सांगितल्या. पण माझ्या उपयोगी पडले ते तुमचे हे तीन शब्द. आजही पडत आहेत.

त्याच हिवाळ्यात आपण बंगल्यावर गेलो. तुम्हाला आठवतंच असेल, कारण मालक गेल्यापासून तुम्ही गावाबाहेर पडल्या होत्या त्या फक्त कुणाच्या मयतीला. बांबू आणायला हे बैलबंडी घेऊन सावली गावाकडच्या जंगलात निघाले होते. रहीमभाऊंनी सांगितलं होतं की तिकडे साहेबाचा एक जुना बंगला रिकामा पडला आहे आणि त्याच्या व्हरांड्यात चिनी मातीच्या दोन मोठ्या कुंड्या कुणी नेल्याच नाहीत. मी यांना म्हणाले की आम्हीही येतो. यांनी विचारलं, काऊन? मी म्हणाले, माझं मन रमत नाही. ते ऐकून यांनी बंडीत तणस पसरून दिलं. तुम्ही आधी नाही म्हणालात, मग लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढून बंडीत सगळ्यात मागे बसल्या. गाव मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग आणि मोह सुरू झाले, आणि मी वळून पाहिलं तर तुमचा पदर खांद्यावर आला होता.

बंगल्यावर लालसूदादा होते. तिथले जुने चौकीदार, गोंड, वय झालेलं. साहेब गेले, सामानाच्या गाड्या गेल्या, नंतर हे एकटेच उरले आणि व्हरांड्याच्या टोकाला राहून कोंबड्या पाळत होते. कुंड्या खरोखरच होत्या. निळ्या, कंबरेएवढ्या उंच, बाहेरून सिंहाची तोंडं काढलेली. एक काठापासून निम्म्यापर्यंत तडकलेली. दुसरीचा एका बाजूला काठ उडालेला, बाकी ठीक, आणि तिच्यात पाचोळ्यावर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली.

लालसूदादा म्हणाले, दोन्ही घेऊन जा, माझ्या काय कामाच्या. आम्ही शिधा म्हणून नेलेला तांदूळ तुम्ही त्यांच्यापुढे ठेवला. ते कोंबडीला उचलायला वाकले. तुम्ही त्यांचा हात धरला. परक्या माणसाचा हात तुम्ही धरलेला मी आधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "बसू द्या तिले," म्हणालात.

यांनी माझ्याकडे बघत समजावलं की एवढं लांब पुन्हा येणं व्हायचं नाही, कोंबडीला टोपलीत बसवता येतं. लालसूदादाही तेच म्हणाले. तुम्ही ऐकलं नाही. जागा बदलली तर कधीकधी कोंबडी अंडी सोडून देते, एवढंच म्हणालात. आणि तडकलेली तेवढी बंडीत घालायला लावलीत.

परतीच्या वाटेवर हे पुढे बैलांशी बोलत होते. आपण दोघी मागे, त्या कुंडीला दोन्ही बाजूंनी धरून. तिथं मी पहिल्यांदा माझ्या लेकराबद्दल बोलले. त्याचे कान कसे होते, डाव्या पायाचं एक बोट कसं दुसऱ्यावर चढलेलं होतं, तो एकदा माझ्याकडे नीट पाहत होता ते. तुम्ही सगळं ऐकलं. मग म्हणालात की बोट तुम्ही पाहिलं होतं, आंघोळ घालताना. म्हणजे ते मला एकटीलाच माहीत नव्हतं. मला किती बरं वाटलं ते मी तेव्हा सांगितलं नाही.

तडकलेल्या कुंडीला रहीमभाऊंनी लोखंडी पट्टी बसवून दिली. दुसरी आता गेली असं आम्ही धरून चाललो होतो. पण पिल्लं निघून मोठी झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी लालसूदादाच दारात उभे. कुणाच्या तरी बंडीत घालून कुंडी आणली होती. आणि तिच्यात मोहाच्या फांदीसकट उपटून आणलेलं एक झाड, खोडावर वाढतं ना ते, जांभळ्या फुलांचं. ते म्हणाले, कोंबडीनं पाठवलं आहे.

बाई, आपलं एक भांडण अर्धवट राहिलं. त्या दोन निळ्या कुंड्या समोरच्या दारात ठेवाव्यात असं माझं म्हणणं होतं, दाराच्या दोन्ही बाजूंना. कुणी पाहावं अशाच त्या होत्या. तुम्ही मागून हलू दिल्या नाहीत. मी म्हणाले, गावात कुणाला ठाऊकही नाही की आपल्या घरामागे काय आहे. तुम्ही म्हणालात, नसू दे. मी म्हणाले, निदान एक तरी. तेव्हा तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "समोर फुलं लावली तं लोकं म्हनतीन, हिले काय झालं एवढं फुलाले." मला ते पटलं नव्हतं. दर दिवाळीला मी विषय काढायची आणि दर दिवाळीला तुम्ही दुसऱ्या कामाला लागायच्या.

आणि ते मोगऱ्याचं. चैत्रात उखळातला मोगरा भरभरून यायचा. कळ्या तुम्ही पळसाच्या पानांत बांधून कुडावरून आळीभर वाटायच्या. सगळ्यांच्या केसांत तुमचा मोगरा आणि तुमचा अंबाडा कोरा. एका दुपारी घरात आपण दोघीच होतो. मला राहवलं नाही. एक गजरा ओवून मी तुमच्यामागे येऊन उभी राहिले. म्हणाले, घरातल्या घरात कोण पाहतं, संध्याकाळी काढून टाका.

तुम्ही हात मागे आणून माझं मनगट धरलंत. मला वाटलं आता तुम्ही रडणार. तुम्ही म्हणालात, "नोको व. मोगऱ्याच्या वासानं डोकं दुखते माहं. आधीपासूनच दुखते."

मी गजरा हातात घेऊन बघत राहिले. मग लावला कशाला, मी विचारलं. कळी भरताना पाहायला बरी वाटते, तुम्ही म्हणालात. नवरा असतानाही तुम्ही तो कधी माळला नव्हता, त्यांना वाईट वाटायचं, असंही सांगितलंत. ते खरं होतं, की माझा जीव हलका व्हावा म्हणून रचलं होतं? मी यावर फार विचार केला आहे. कधी वाटतं, खरंच असेल, आणि मीच उगाच तुमच्या कोऱ्या अंबाड्याकडे पाहून उसासे टाकत होते. कधी वाटतं, तुम्ही फार हुशार होत्या. विचारून घ्यायला हवं होतं. आता काय.

कुसुम झाली, घर लहान पडायला लागलं, तेव्हा यांनी सांदवाडीत खोली बांधायचं काढलं. तुमचं आणि यांचं बोलणं समोरासमोर कधी व्हायचंच नाही. भाऊजी असं म्हणतात, वहिनी तसं म्हणतात, मीच मधे. हे म्हणाले, एवढ्या जागेत फुटकी भांडी ठेवून काय करायचं, धान ठेवायला जागा नाही. मी ते तसंच तुम्हाला सांगितलं नाही, जरा मऊ करून सांगितलं. तुम्हाला कळलंच. तुम्ही वाद घातला नाही, रुसला नाही. रोज सकाळी थोडी थोडी भांडी कुडाकडे सरकवायला लागलात. जमिनीवरची उचलून टांगली. लहान मोठ्यात बसवली. काही दिवसांनी हे फीत घेऊन मागे गेले, तर बांधायच्या जागेतलं सगळं आपोआप मोकळं झालेलं. हे फीत गुंडाळून परत आले. म्हणाले, यंदा राहू दे. मग पुढच्या वर्षीही राहू दे म्हणाले. त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नाही, बाई, मलाही नाही. पण तुम्ही सरकून घेतल्यावर त्यांना त्या मोकळ्या जागेवर भिंत घालवेना.

पौषात तुमचा खोकला सुरू झाला. चांद्याला डॉक्टरांकडे जाऊ म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, शेवंती उमलून जाऊ दे. तुमची जुनी युक्ती. या वेळी हे ऐकणार नव्हते, बंडीही तयार ठेवली होती, पण ताप असा वाढला की हलवणं जमलं नाही. तुम्ही खाट फिरवून मागितली, तोंड मागच्या दाराकडे. यांनी आणि मी फिरवली.

शेवटच्या दुपारी आपण दोघीच होतो. कुसुम शेजारी खेळायला गेली होती. मी मनात ठरवून आले होते की आज सगळं बोलायचं. त्या लेकराच्या वेळचं, चाळणीचं, बंडीतलं. तुम्ही नसता तर मी या घरात कशी राहिले असते, ते. मी तुमचा हात हातात घेतला. तुम्ही डोळे उघडले, माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि म्हणालात, "शेवंतीवर मावा पडला व." मी म्हणाले, हो, पडला आहे. मग तुसाची राख, चाळून घे, दव असताना टाक, शेंड्यांना आधी. मी हो, हो म्हणत राहिले. आपलं तेवढंच बोलणं झालं.

मला आधी याचं वाईट वाटलं. आता तेवढं वाटत नाही. मी जे बोलणार होते त्याला तुम्ही काही उत्तर दिलं नसतं. उठून कुठल्या तरी झाडाकडे गेल्या असता.

तेरवीला नागभीडचे भाऊ आले होते. तुमची पेटी उघडली. दोन लुगडी, एक घोंगडी, आणि चिंध्यांत बांधलेल्या बियांच्या गाठी, कशाच्या ते तुम्हालाच ठाऊक. भाऊ मागे जाऊन त्या टांगलेल्या बादलीखाली उभे राहिले. मी म्हणाले, घेऊन जायची असेल तर न्या, तुमचीच आहे. ते म्हणाले, तिला न्यायला आलो तर ती आली नाही, ही काय येणार. आणि तिथंच डोळे पुसले.

मग खोलीचं पुन्हा निघालं. कुसुम मोठी होते आहे, मलाही दिवस गेले आहेत, हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं. या वेळी खोली हवीच. गवंडी येऊन पाहून गेले. रात्रभर मला झोप नाही. सकाळी उठून मी यांना म्हणाले की भांडी कुठं ठेवायची ते मी ठरवलं आहे, फक्त उखळ आणि निळ्या कुंड्या मला उचलत नाहीत. त्यांनी विचारलं, कुठी? मी समोरचं दार दाखवलं. मला वाटलं, ते म्हणतील लोकं हसतील. ते सदरा काढून मागे गेले. उखळ त्यांना एकट्याला हलेना, तेव्हा जाऊन रहीमभाऊंना घेऊन आले.

तर आता सगळं समोर आहे, बाई. निळ्या कुंड्या दाराच्या दोन्ही बाजूंना. रांजण, घंगाळ, गंज, बंब रस्त्याच्या कडेनं ओळीत. बादली ओसरीच्या वाशाला. तुम्ही नको म्हणालात ते मी केलं. तुम्ही गेल्यावर आपलं भांडण जिंकणं बरोबर नाही, हे मला समजतं. तुम्हाला आवडलं असतं की नाही, मला खरंच सांगता येत नाही. पण लोकं तुम्हाला बिच्चारी म्हणतात ते मला ऐकवत नव्हतं, आणि वाद घालायचा नाही तर दाखवावं तरी.

काल बाजाराचा दिवस होता. खेड्यांवरून येणारी माणसं आपल्या दारावरूनच जातात. बरेच जण थांबले. एक म्हातारी डोक्यावरची टोपली खाली ठेवून उभीच राहिली. प्रत्येक भांड्याजवळ वाकून पाहत होती. हे ओसरीत दाढी करत बसले होते. म्हातारीनं मला विचारलं, "हे कोनाचं व?"

माझ्या तोंडून 'बाईंचं' निघणार होतं. बाई, वहिनी, थोरली, मोठी. या घरात तुम्हाला सगळे असंच काही म्हणायचे. तुमचं नाव मी इतक्या वर्षांत फक्त नागभीडच्या भावांच्या तोंडून ऐकलं होतं. मी म्हणाले, "यमुनाबाईचं."

"कुठी हायेत?"

हे ओसरीवरून उठले, अर्ध्या गालाला साबण तसाच. म्हणाले, "आमची वहिनी होती. मागच्या महिन्यात गेली." म्हातारी हळहळली. मग जरा घुटमळून तिनं विचारलं की मोगऱ्याची एक काडी मिळेल का. मी आत पातं आणायला वळले, तर यांनी हातानंच एक फांदी ओढली. गाठीच्या खाली तिरपं कापायचं असतं, ओल्या फडक्यात बांधायचं असतं, त्यांना यातलं काही माहीत नाही. साल सोलून खालपर्यंत आली. तुम्ही पाहिलं असतं तर भाऊजींशी थेट बोलला असता, पहिल्यांदाच.

म्हातारीनं ती फांदी दोन्ही हातांनी घेतली. टोपलीत तुरीच्या शेंगा होत्या, त्यांच्यात उभी खोचली आणि टोपली डोक्यावर घेऊन ती बाजाराकडे निघाली. मी तिच्यामागे धावत गेले, तिला थांबवलं आणि ती काडी कशी लावायची ते सांगितलं.